‘दावा मंजूर’ असं लिहिलेला मेल

खोकणाऱ्या मुलाला साधी सर्दी आहे, की आमच्याकडे ज्याला ‘डब्बा’ म्हणतात तो न्यूमोनिया, हे ओळखायचं तर त्याचा श्वास मोजावा लागतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे काम गावातल्या दायांच्या हाती द्यायचं ठरवलं, तेव्हा अडचण आली ती मोजण्याचीच. दायांना बारापुढे अंक येत नव्हते. मग त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने एक उपकरण केलं: चौकटीत ओवलेले मणी आणि सोबत एका मिनिटाची वाळूची घटिका. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी लाल मणी सहावा, त्याहून मोठ्यासाठी पाचवा. साठ आणि पन्नास हे आकडे दाईला उच्चारावेही लागत नव्हते.

त्या लाल मण्याबद्दल मला फार आदर वाटतो. एकोणपन्नास श्वास घेणारं मूल आणि पन्नास श्वास घेणारं मूल यांच्यात निसर्गाने काही भिंत घातलेली नाही. रेघ माणसाने ओढली आहे. ती ओढताना कोणीतरी बसून विचार केला असणार, की रेघ इकडे सरकवली तर काय चुकेल आणि तिकडे सरकवली तर काय.

हाच विचार पुढे नवजात बाळांच्या बाबतीत आणखी काटेकोरपणे झाला. १९९५ पासून ३९ गावांतल्या आरोग्यदूत घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या. तीन वर्षांत त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते काम छापून आलं. यातला कळीचा प्रश्न होता, जंतुसंसर्ग झालेलं बाळ घरातल्या उजेडात, रक्ततपासणीशिवाय ओळखायचं कसं? त्यांच्या नोंदींतून शेवटी सात खुणा उरल्या. बाळाचं दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं. रडणं क्षीण झालं किंवा बंद पडलं. हातपाय लुळे पडले. उलट्या होतात किंवा पोट फुगलं. अंग गार लागतं. छाती खोल आत ओढली जाते. नाळेत पू झाला. यांतल्या कोणत्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या की उपचार सुरू.

या नियमाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. संसर्गाने दगावण्याच्या वाटेवर असलेलं एकही बाळ या दोन खुणांच्या जाळ्यातून सुटलं नाही. उरलेल्या बाळांपैकी शंभरात आठ मात्र उगाच अडकली. तपासलेल्या शंभर बाळांत साधारण दहांना उपचार मिळाले, आणि खरोखर जीवघेणा संसर्ग त्यांतल्या जेमतेम तिघांना होता. म्हणजे एका बाळासाठी दोन-तीन बाळांना गरज नसताना औषध. हा सौदा त्यांनी डोळे उघडे ठेवून केला. गरज नसताना दिलेलं औषध ही एक चूक, आणि न दिलेलं औषध ही दुसरी. दोन्ही चुकाच, पण त्यांचं वजन सारखं नाही.

मेलमधला स्पॅम गाळणारा फिल्टर हुबेहूब याच जातीचा नियम वापरतो. खुणा मोजतो, बेरीज करतो, रेघेच्या पलीकडे गेलं की बाजूला टाकतो. फक्त इथे चुकांची वजनं उलटी होतात. एखादी फालतू जाहिरात इनबॉक्समध्ये आली तर ती पुसायला दोन सेकंद लागतात. कामाचं पत्र स्पॅमच्या पेटीत पडलं तर ते पडल्याचं कळतसुद्धा नाही.

ते मला माझ्या भाचीमुळे कळलं. मी ब्रह्मपुरीत राहतो, ती वैनगंगेपलीकडे आरमोरीला. बीएस्सी झाल्यावर तिने एका अभ्यासक्रमासाठी अर्ज केला होता. रोज सकाळ-संध्याकाळ इनबॉक्स उघडून पाहायची. निवड झाल्याचा मेल आला होता. तो अकरा दिवस स्पॅममध्ये पडून राहिला आणि तोवर कागदपत्रं देण्याची मुदत टळली. जागा दुसऱ्याला गेली. फोनवर ती रडत होती: “मामा, मी रोज पायत होती. आलाच नाई म्हनून बसली होती. तो तं तिथंच होता.” मी तिला तो मेल पुढे पाठवायला सांगितला आणि वाचला. ‘अभिनंदन’, ‘आपली निवड झाली आहे’, ‘तातडीने’, ‘रक्कम भरा’, ‘खालील दुव्यावर क्लिक करा’. शब्द बाजूला काढून पाहिले तर तो लबाडाच्या मेलपेक्षा काहीच वेगळा नव्हता. यंत्राची चूक का झाली हे मला त्या दिवशी नीट समजलं, आणि ती टाळता येण्यासारखी होती हेही.

म्हणून यंत्र कसं शिकतं ते आधी पाहू.

समजा, फिल्टरला शिकवण्यासाठी आपण एक हजार चांगले आणि एक हजार स्पॅम मेल दिले. यंत्र त्यांतला अर्थ वाचत नाही, शब्द मोजतं. ‘अभिनंदन’ हा शब्द स्पॅममधल्या ४०० मेलांत आणि चांगल्यांतल्या १०० मेलांत आढळला, तर तो शब्द असलेला मेल स्पॅम असण्याची शक्यता पाचशेत चारशे, म्हणजे ०.८०. ‘तातडीने’ स्पॅममध्ये ४५०, चांगल्यांत ५०, शक्यता ०.९०. ‘रक्कम’ ३०० आणि १००, ०.७५. आता या तिन्ही शब्दांचा पुरावा एकत्र करायचा. तिन्ही शक्यतांचा गुणाकार ०.५४ येतो. उलट बाजूच्या शक्यतांचा, म्हणजे ०.२०, ०.१० आणि ०.२५ यांचा गुणाकार येतो ०.००५. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागलं की ०.९९. तीन साधे शब्द, आणि मेल ९९ टक्के स्पॅम ठरला.

आता त्याच मेलमध्ये ‘आरमोरी’ हा शब्द आहे असं धरा. माझ्या भाचीच्या चांगल्या मेलांत तो वारंवार येतो, स्पॅममध्ये जवळजवळ कधीच नाही. त्याची शक्यता ०.०२ धरली, तर आकडा ९९ वरून एकदम ६९ टक्क्यांवर उतरतो. त्यात ‘गुणपत्रिका’ हा ०.०५ वाला शब्द आला की उरतात १० टक्के. ज्या मेलला तीन शब्दांनी दोषी ठरवलं, त्याला दोन शब्दांनी सोडवलं.

पण यंत्राने ‘आरमोरी’ कधी पाहिलंच नसेल तर? तर हा शब्द त्याच्या लेखी मुका. त्याला मधलीच काहीतरी किंमत मिळते, समजा ०.४, आणि ९९ टक्क्यांचे साडेअठ्ठ्याण्णव होतात, बस्स. या एका आकड्यात या लेखाचं सगळं म्हणणं आलं. ज्याच्या शिकवणीत तुमच्या गावाचं नाव नाही, तो फिल्टर तुमच्या बाजूने साक्ष काढू शकत नाही.

या हिशेबाला ज्यांचं नाव आहे ते टॉमस बेझ इंग्लंडमधले एक धर्मोपदेशक. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस यांनी छापवला. मेलमधला स्पॅम मात्र १९७८ चा. त्या वर्षी ३ मे रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवलं. बेझच्या हिशेबाने मेल गाळण्याची पद्धत १९९८ साली मेहरान सहामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरच्या एका निबंधामुळे ती जगभर पसरली. ग्रॅहम यांनी आपल्या स्वतःच्या मेलांचे दोन ढीग केले, दोन्हीकडे सुमारे चार-चार हजार. यंत्राने त्यांतून शोधलेल्या खुणांमध्ये एक अशी होती जी माणसाला सुचलीच नसती: भडक लाल रंगाचा संगणकीय संकेत. लाल अक्षरांत लिहिणारे बहुतेक लबाडच निघाले. नियम माणसाने घालून देण्यापेक्षा उदाहरणांतून यंत्राने काढावेत, याचं हे मला सगळ्यात पटलेलं उदाहरण.

या दोन्ही कामांत चुकांच्या वजनाचा विचार अगदी सुरुवातीपासून होता, आणि तो शिकण्यासारखा आहे. सहामी आणि सहकाऱ्यांनी रेघ ओढली ती ९९.९ टक्क्यांवर, त्याहून कमी खात्री असेल तर मेल इनबॉक्समध्येच राहणार. आपल्या उदाहरणातला ९९ टक्केवाला मेल या नियमाने सुटला असता. ग्रॅहम यांनी दुसरी युक्ती केली. चांगल्या मेलांत एखादा शब्द जितक्या वेळा आला, तो आकडा त्यांनी दुप्पट धरला. मेलमधले सगळे शब्द न घेता ज्यांची शक्यता मध्यापासून सर्वांत दूर आहे असे पंधराच घेतले. आणि कधीच न पाहिलेल्या शब्दाला त्यांनी ०.५ ऐवजी ०.४ दिला.

या ०.४ कडे मी पुन्हापुन्हा येतो. अनोळखी गोष्ट कोणत्या बाजूला झुकवायची, याचं ते उत्तर आहे, आणि ते आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने त्याआधी वीस वर्षं आपल्या बांधीत दिलं होतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या शेतात फिरत असताना त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. बियाण्याच्या शेतात वेगळी दिसणारी लोंबी म्हणजे भेसळ. ती उपटून टाकायची ही रीत. दादाजींनी त्या तिन्ही वेगळ्या जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, आणि काही वर्षांनी त्यांतून जे धान उभं राहिलं त्याला लोकांनी त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ म्हणायला सुरुवात केली. आज तो तांदूळ पूर्व विदर्भाबाहेरही ताटात असतो. वेगळं आहे एवढ्या पुराव्यावर टाकून द्यायचं नाही, ही समज त्या ०.४ मध्ये आहे.

शून्याचंही असंच. एखादा शब्द स्पॅममध्ये एकदाही आला नसेल तर शक्यता शून्य, आणि शून्याने गुणलं की बाकी सगळा पुरावा पुसला जातो. तो एक शब्द घातला की कोणताही लबाड मेल निर्दोष सुटेल. म्हणून प्रत्येक शब्दाच्या मोजणीत आधीच थोडीशी भर घालून ठेवतात, कुठेही निखळ शून्य येऊ नये म्हणून. ‘आरमोरी’ला मी ०.०२ दिला, शून्य दिला नाही, तो यासाठी.

आणखी एक दोष या पद्धतीत जन्मजात आहे. ती प्रत्येक शब्द स्वतंत्र साक्षीदार मानते. खरं तर ‘अभिनंदन’ आणि ‘निवड’ हे शब्द बहुधा हातात हात घालूनच येतात. ते दोन साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार दोनदा बोलतोय. त्यामुळे फिल्टरची खात्री वाजवीपेक्षा फार फुगते. तो ९९ टक्के म्हणतो तेव्हा शंभरात एकच चूक होईल असा अर्थ घेऊ नये.

आता आमच्या भागाच्या खास अडचणीकडे येतो.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माणसाला सरकारकडून, बँकेकडून, संस्थांकडून येणाऱ्या पत्रांत कोणते शब्द असतात? धानाचा ‘बोनस’. वाघाने गुरं मारली किंवा रानडुकरांनी पीक खाल्लं तर ‘नुकसानभरपाई’. तेंदूपत्त्याची ‘रक्कम’ खात्यात ‘जमा’. ‘लाभार्थी’ म्हणून ‘निवड’. आणि वनहक्क कायद्याखालचा ‘दावा’. २००६ च्या त्या कायद्याने जंगलावरचा सामूहिक हक्क मागण्याची सोय केली आणि २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाने सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर तो मिळवला; देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात शेकडो ग्रामसभांनी दावे केले. ‘आपला दावा मंजूर झाला आहे’ हे वाक्य इथल्या माणसाच्या आयुष्यात खरोखर येतं, आणि ते ज्या दिवशी येतं तो दिवस गाव विसरत नाही.

पण जगभरच्या स्पॅममध्ये सर्वांत घासून गुळगुळीत झालेलं वाक्यही हेच. दावा करा, दावा मंजूर, बोनस जमा, भरपाईची रक्कम, लाभार्थी, खाते तपासा. हा योगायोग नाही. फसवणारा माणूस लोक कशाची वाट पाहतात ते आधी पाहतो आणि तेच शब्द उचलतो. ज्यांच्या आयुष्यात मंजुरीची वाट पाहणं जास्त, त्यांच्या खऱ्या पत्रांची आणि खोट्या पत्रांची भाषा जास्त सारखी. शहरातल्या पगारदाराच्या मेलांवर शिकलेला फिल्टर ‘बोनस’ला ०.९५ देईल आणि त्याच्यापुरतं ते बरोबरही असेल. नागभीडच्या धान उत्पादकाच्या बाबतीत तोच आकडा अन्याय आहे. मला हे मनापासून टोचतं, की ज्यांना एक पत्र चुकणं सर्वांत महाग पडतं, त्यांचीच पत्रं चुकण्याचा संभव जास्त आहे.

त्यात भाषेची भर. इंग्रजीत ‘बँक’ हा शब्द बहुतेक वेळा तसाच राहतो. मराठीत नावाला विभक्ती चिकटते: आरमोरीला, आरमोरीत, आरमोरीहून, आरमोरीच्या. माणसाला हा एकच शब्द. जागा सोडून शब्द तोडणाऱ्या यंत्राला चार वेगळे शब्द, आणि प्रत्येकाची मोजणी तुटपुंजी. चाळीस वेळा आलेला साक्षीदार दहा-दहा वेळा आलेल्या चार अनोळखी माणसांत वाटला जातो. यावर उपाय आहेत. प्रत्यय छाटून मूळ शब्द मोजायचा, किंवा शब्दांऐवजी तीन-चार अक्षरांचे तुकडे मोजायचे, म्हणजे ‘आरमो’ हा तुकडा चारही रूपांत सापडतो. मराठीसाठी दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो चुकीच्या शुद्धलेखनालाही सांभाळून घेतो.

याहून सूक्ष्म गोष्ट लिपीची. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात; यंत्राला ते दोन वेगळे शब्द. जुन्या फाँटची गोष्ट तर याहून वाईट. कृतिदेवमध्ये टंकलेलं ‘कमल’ म्हणजे आतून फक्त डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं, ज्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. कार्यालयातल्या कारकुनाने असा मजकूर मेलमध्ये चिकटवला की पलीकडे अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग पोचतो. अर्थहीन अक्षरं ही स्पॅमची जुनी ओळख. पाठवणारा प्रामाणिक, पत्र खरं, आणि रूप चोराचं. कार्यालयांनी युनिकोडमध्येच लिहावं, असा माझा आग्रह केवळ भाषेच्या प्रेमापोटी नाही.

मग शिकवायचं कसं? पहिली गोष्ट, दोन्ही ढीग आपले हवेत. लोकांना स्पॅमचा ढीग गोळा करायला आवडतो. चांगल्या मेलांचा ढीग द्यायला ते विसरतात. स्पॅम सगळ्यांना सारखाच येतो, तो कुठूनही मिळेल. ‘आरमोरी’, ‘ग्रामसभा’, ‘पंचनामा’ हे शब्द चांगल्या बाजूला मोजले जातात ते फक्त तुमच्याच पत्रांतून. अनेक मेल-सर्व्हरवर चालणारा स्पॅमअसॅसिन हा मोफत प्रोग्रॅम सुरुवातीला दोन्ही बाजूंचे दोन-दोनशे मेल पाहिल्याशिवाय या हिशेबाने बोलतच नाही. ही शिस्त मला आवडते. थोडं पाहून मत देण्यापेक्षा गप्प राहावं, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं आहे.

दुसरी गोष्ट, ज्या मेलांवर शिकवलं त्यांवरच परीक्षा घेऊ नये. फळ्यावर सोडवून दाखवलेलंच गणित पेपरात घातलं तर वर्ग शंभर टक्के पास होतो. काही मेल बाजूला ठेवायचे आणि शिकवून झाल्यावर ते दाखवायचे. आणि तेव्हाही ‘किती टक्के बरोबर’ एवढंच विचारून थांबायचं नाही. शंभरातले दहा मेल स्पॅम असतील तर काहीही न गाळणारा फिल्टरसुद्धा नव्वद टक्के बरोबर असतो. दोन आकडे वेगवेगळे मागायचे: किती स्पॅम सुटले, आणि किती चांगले अडकले. दुसरा आकडा मला आधी पाहायचा असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित. स्पॅमची पेटी कधीच न उघडणारा माणूस फिल्टरला रोज सांगत असतो की तू चुकला नाहीस. तिथे पडलेलं चांगलं पत्र तसंच राहिलं, तर त्यातले शब्द दोषींच्या हिशेबातच राहतात. म्हणजे एक चूक पुढच्या चुकीची शिकवणी होऊ शकते. ‘नॉट स्पॅम’ हे बटण दाबणं म्हणजे त्या पत्रातला प्रत्येक शब्द उचलून दुसऱ्या पारड्यात ठेवणं. उलट, एकेकाळी आपणच मागितलेल्या पत्रिकेचा कंटाळा आला म्हणून तिला स्पॅम ठरवू नये. वर्गणी रद्द करावी. मोठ्या मेल-सेवा लाखो लोकांच्या अशा खुणा एकत्र करतात, आणि आपल्या कंटाळ्याची शिक्षा तेच पत्र हवं असलेल्या दुसऱ्या कोणाला होते. जीमेलमध्ये स्पॅमची पेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते, हेही लक्षात असू द्यावं. आठवड्यातून एकदा पाहिलं तर पुरतं.

शिकवणी एकदा करून संपत नाही. फसवणाऱ्यांना फिल्टर कसा चालतो ते माहीत असतं. ते आपल्या मेलच्या तळाशी पुस्तकातले, बातम्यांतले सभ्य शब्द भरतात, पारडं हलकं व्हावं म्हणून. आज ‘लॉटरी’ असते, उद्या ‘केवायसी’, परवा विजेचं बिल. वर्षापूर्वीची मोजणी आजच्या लबाडाला ओळखत नाही.

आणि तरीही काही मेल असे उरतात की ज्यांच्याबद्दल यंत्राला प्रामाणिकपणे काहीच ठरवता येत नाही. त्यांना ओढूनताणून एका बाजूला ढकलणं ही बहुतेक अन्यायांची जागा. २००२ मध्येच सुरू झालेल्या स्पॅमबेझ या प्रोग्रॅमने तिसरा ढीग केला: चांगले, स्पॅम, आणि ‘खात्री नाही’. गॅरी रॉबिन्सन यांनी शब्दांचा पुरावा एकत्र करण्याची निराळी रीत सुचवली होती. तिच्यामुळे जिथे दोन्ही बाजूंचे पुरावे जोरदार असतील तिथे आकडा मध्यावर थांबू लागला. माझ्या भाचीचा मेल नेमका तिथला होता. एका बाजूला ‘तातडीने’, दुसऱ्या बाजूला तिच्या कॉलेजचं नाव. असा मेल इनबॉक्समध्येच ठेवून वर पिवळी पट्टी लावावी, ‘सावधपणे वाचा’ अशी. वाचणारी व्यक्ती यंत्रापेक्षा शहाणी आहे हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

तिसरा ढीग गरजेचा आहे कारण इथे दुसरी चूकही नेहमी स्वस्त नसते. मी सुरुवातीला म्हणालो की सुटलेला स्पॅम पुसायला दोन सेकंद लागतात. जाहिरातीच्या बाबतीत ते खरं. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या मेलवर एखाद्या शेतकऱ्याने आपला पिन लिहिला तर वर्षभराच्या धानाचे पैसे जातात. जाहिरात आणि फसवणूक यांना एकच रेघ लावणं म्हणजे सर्दीला आणि न्यूमोनियाला एकच मणी लावणं.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये सीतारामपेठसारख्या गावांच्या कडेला आता असे कॅमेरे आहेत, की जे आलेलं जनावर वाघ किंवा बिबट आहे का हे स्वतःच ओळखून गावाला इशारा देतात. तिथेही हाच हिशेब आहे, फक्त शब्दांऐवजी पट्टे. समजा गावाच्या वाटेने रोज पाचशे गुरं परततात आणि वाघ महिन्यातून एकदा येतो. कॅमेरा शंभरात एकाच गायीला वाघ समजला, तरी रोज पाच खोटे इशारे, महिन्याला दीडशे, आणि त्यांत खरा एक. पंधरा दिवसांत लोक त्या भोंग्याकडे मान वळवणार नाहीत. म्हणून तिथल्या कॅमेऱ्याला वाघाचे फोटो दाखवणं पुरेसं नसतं. त्या गावची तांबडी-पांढरी गुरं, संध्याकाळचा पिवळा उजेड, डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बायका, हे सगळं ‘वाघ नव्हे’ म्हणून हजारदा दाखवावं लागतं. चांगल्या मेलांचा ढीग तो हाच.

भाचीने यंदा पुन्हा अर्ज केला. या वेळी आधी तिने मागच्या दोन वर्षांचे कॉलेजचे, विद्यापीठाचे, परीक्षेच्या शुल्काचे मेल शोधून काढले. स्पॅममध्ये नऊ सापडले. एकेक करून बाहेर घेतले. अर्ज केला त्या संस्थेचा पत्ता संपर्कयादीत जोडला. मग जवळच्या एका गावच्या ग्रामपंचायतीत संगणक चालवणाऱ्या मुलाशी बोलली, कारण ग्रामसभेचे मेल तिथे येतात. दोघांनी मिळून तिथली स्पॅमची पेटी उघडली. वरून चौथा मेल पंचायत समितीचा होता, सभेच्या तारखेचा, आणि ती तारीख अजून दोन दिवसांवर होती.